पार्टनरशिपच्या भांडणात एक्स्पर्ट विटनेस कोण घ्यावा? समोरच्यांनी सीएचा रिपोर्ट लावलाय (नागपूर)

ज्युनियर_सिव्हिल_लाइन्स

नमस्कार मंडळी, मी नागपूरला जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, नवीनच आहे, आणि आमच्या सरांनी एक मॅटर जवळजवळ पूर्ण माझ्या गळ्यात टाकलंय म्हणून इथे विचारतेय. कोणी ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत.

हिंगणा एमआयडीसीत दोन मावसभावांची फॅब्रिकेशनची पार्टनरशिप, फर्म रजिस्टर्ड, डीड (भागीदारीचा करार) व्यवस्थित. आमचे क्लायंट शॉप फ्लोअर सांभाळायचे, भाऊ खरेदी आणि हिशोब. आता बाहेर आलं की गेली काही वर्षं अँगल, चॅनल, प्लेट असा बराच माल त्या भावाच्या बायकोच्या नावावरच्या ट्रेडिंग फर्मकडून येत होता आणि किलोमागचा भाव बाजारापेक्षा चढा. अकाउंट्सला ज्या ताई होत्या त्यांनी विचारलं तर त्यांच्याकडूनच राजीनामा लिहून घेतला. व्हॉट्सॲप मेसेज आहेत, त्यात भाऊ त्यांना लिहितो की तू एन्ट्री मार, भाव बघणं तुझं काम नाही.

दावा अजून टाकलेला नाही. नोटीस दिली तर उत्तराबरोबर समोरच्यांनी एका सीएचा रिपोर्ट जोडलाय, सगळी खरेदी बाजारभावाने, जीएसटीत सगळं मॅच, गैरव्यवहार आढळला नाही वगैरे. क्लायंटचा धोशा एकच, मॅडम आपणही एक एक्स्पर्ट आणा जो छातीठोक सांगेल की याने चोरी केली. त्यांच्या मते फर्मचे जुने सीए आहेत त्यांनाच उभं करायचं, घरचेच आहेत, फीसुद्धा केस जिंकल्यावर पैशातून टक्केवारीने घेतील म्हणतात. मला हे काहीतरी गडबड वाटतंय पण नेमकं काय ते सांगता येईना. कोण घ्यावा, त्याच्याकडून काय लिहून घ्यावं, कंपनीत खरेदी कशी चालायला पाहिजे हे सांगायला कोणी एचआर किंवा मॅनेजमेंटवाला चालतो का, आणि समोरच्या सीएला उलटतपासणीत कुठे धरायचं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

धंतोलीकर_सीए

जुन्या सीएंचा विचार आधी डोक्यातून काढा. ज्यांनी त्याच हिशोबावर ऑडिटची सही केली ते आज एक्स्पर्ट म्हणून उभे राहिले तर पहिलाच प्रश्न येईल, तेव्हा दिसलं नाही का? दिसलं म्हणाले तर सही का केली, नाही म्हणाले तर आता कसं दिसलं. ते फार तर वस्तुस्थितीचे साक्षीदार, समन्स काढून बोलवा. आणि टक्केवारीची फी तर बिलकुल नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट १९४९ च्या पहिल्या शेड्युलमध्येच आहे की निष्कर्षावर किंवा निकालावर अवलंबून फी घेणं हे प्रोफेशनल मिसकंडक्ट. तुम्हा वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमात तेच बंधन आहे. समोरच्या वकिलाला हे कळलं तर रिपोर्ट कितीही चांगला असो, तो कचऱ्यात.

फॉरेन्सिकचं, म्हणजे हिशोबातली गडबड शोधायचं काम नेहमी करणारा सीए घ्या. आमच्या इन्स्टिट्यूटची फॉरेन्सिक अकाउंटिंगची स्टँडर्ड्स १ जुलै २०२३ पासून सक्तीची आहेत, तर तो ती पाळून काम करतो का हे आधीच विचारा, कारण समोरचाही विचारेल.

आता समोरचा रिपोर्ट. जीएसटी मॅच झालं याचा अर्थ एवढाच की बायकोच्या फर्मने बिल फाडलं, रिटर्नमध्ये दाखवलं आणि तुमच्या फर्मला क्रेडिट मिळालं. भाव योग्य होता की नव्हता हे त्यातून कळतच नाही, शंभराचा माल एकशेवीसला घेतला तरी मॅच होणारच. असे रिपोर्ट बघून बघून कंटाळा आला, पण कोर्टात छान वजनदार दिसतात हे खरं.

मी काय बघेन ते सांगतो. एक, बायकोच्या फर्मचे बिल नंबर. मागे एका मॅटरमध्ये सप्लायरची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावली तर नंबर ३८, ३९, ४०, ४१ असे सलग निघाले, मध्ये एक नंबर गाळलेला नाही, म्हणजे त्या फर्मला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. यावर भाष्य करायची गरजच पडली नाही, नुसता तक्ता लावला. दोन, बिलाच्या रकमा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल (माल वाहून नेण्याची ऑनलाइन नोंद) लागत नाही, तर बिलं ९६ हजार, ९८ हजार अशीच दिसतात का बघा. तसं असेल तर गाडी खरंच आली का इथपासून सुरुवात करायची, गेटचं रजिस्टर आणि धरमकाट्याच्या पावत्या काढायच्या. तीन, लोखंडाचा भाव रोज हलतो, त्यामुळे वर्षाची सरासरी लावून कोणी काहीही सिद्ध करून दाखवतो. त्याच दिवशी, त्याच साइजचा, त्याच ग्रेडचा माल फर्मने दुसऱ्या कोणाकडून घेतलाय का ते शोधा, नसेल तर त्या दिवशीची रायपूरकडची बिलं मिळवा आणि भाडं धरून तुलना करा. समोरच्या सीएने सरासरी लावली असणार, बघा पैज.

आणि वजनाचं काम सीएचं नाही, त्याला मेकॅनिकल इंजिनिअर लागेल. ५०×५०×६ चा अँगल मीटरला साडेचार किलो बसतो, सहा मीटरचा नग २७ च्या आसपास. नगांची संख्या गेटवर एक आणि बिलातलं वजन भलतंच असेल तर तिथेच सापडतं. तयार मालाचं वजन, भंगार आणि खरेदी यांचा मेळ तो घालून देईल.

तर्री_जास्त

ताई क्लायंटला सांगा एक्स्पर्ट म्हणजे भाड्याचा बाराती नाही, की पैसे दिले अन आपल्या घोड्यापुढे नाचला. बाकी चालू द्या, वाचून राहिलो.

अनुभवी_काळाकोट

वरच्या सीए साहेबांनी चांगलं सांगितलं, पण तुम्ही एक पायरी अलीकडे या. एक्स्पर्ट हवा कशासाठी हे आधी ठरवा, कारण तुमच्या क्लायंटला जे हवंय, म्हणजे चोरी केली असं कोणीतरी म्हणणं, ते कुठलाच एक्स्पर्ट म्हणू शकत नाही आणि म्हणाला तर नुकसान तुमचंच. अप्रामाणिकपणा होता का, फसवणूक झाली का हे न्यायाधीश ठरवतात. एक्स्पर्टने सांगायचं एवढंच की या तारखेला हा भाव दिला, त्याच तारखेला बाजारात हा भाव होता, फरक इतका, आणि मी तो असा काढला. रिपोर्टमध्ये 'लबाडी', 'अपहार' असले शब्द दिसले की मी स्वतः खोडून परत पाठवतो.

स्टेट ऑफ हिमाचल प्रदेश विरुद्ध जय लाल, १९९९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून काढा. सफरचंदाच्या बागेचं उत्पन्न किती असेल यावर एका अधिकाऱ्याचं मत होतं आणि कोर्टाने म्हटलं की एक्स्पर्टने नुसतं मत देऊन भागत नाही, ते मत तपासून बघता येईल अशी सामग्री, अशा कसोट्या न्यायाधीशाच्या हातात द्यायला पाहिजेत. एक्स्पर्ट साक्षीवरचं अर्धं ज्ञान या एका निकालात आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये एक्स्पर्टचं कलम आता ३९ आहे, जुन्या साक्षी कायद्यात ४५. मताची कारणंही प्रस्तुत ठरतात हे जुन्या ५१ मध्ये होतं ते आता ४५ मध्ये गेलंय, म्हणजे '४५' म्हटल्यावर आमच्या पिढीला एक आठवतं आणि तुमच्या पिढीला दुसरं, असो.

दुसरं, तुम्हाला चोरी सिद्ध करायची गरज आहे का? पार्टनरशिप ॲक्ट १९३२ चं कलम १६ उघडा. फर्मच्या व्यवहारातून पार्टनरने स्वतःसाठी नफा काढला तर त्याचा हिशोब देऊन तो फर्मला परत करायचा, डीडमध्ये वेगळं काही नसेल तर. कलम ९ खाली खरे हिशोब आणि पूर्ण माहिती देणं हे त्याचं कर्तव्यच आहे. म्हणजे खरा प्रश्न भावाचा नाहीच, बायकोच्या फर्मचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात गेला हा आहे. घराचा हप्ता त्या खात्यातून जातो का, गाडी त्या खात्यातून घेतली का. त्यासाठी बँकेचे उतारे मागवावे लागतील, ते एक्स्पर्टला आभाळातून मिळणार नाहीत, अर्ज तुम्हालाच करायचाय. आणि फसवणूक म्हणायचीच असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर ६ रूल ४ प्रमाणे तपशील प्लेंटमध्येच, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जातच द्यावा लागतो, मोघम चालत नाही. माझ्या मते एक्स्पर्टचा सर्वात मोठा उपयोग कोर्टात नाही तर प्लेंट लिहिताना होतो, तो बिलागणिक तक्ता करून देतो आणि तुमचा दावा त्या तक्त्यावर उभा राहतो.

तिसरं, डीडमध्ये आर्बिट्रेशनचं (लवादाचं) कलम आहे का बघितलं का? असेल तर सगळा मार्गच बदलला, तिथे ट्रिब्युनल स्वतः आर्बिट्रेशन ॲक्टच्या कलम २६ खाली एक्स्पर्ट नेमू शकतं. नसेल तर हे कमर्शियल कोर्टाचं मॅटर दिसतंय, तीन लाखांच्या वर असणारच, मग कमर्शियल कोर्ट्स ॲक्टच्या कलम १२-अ ची मध्यस्थी आधी करावी लागेल, तातडीचा अंतरिम आदेश मागत असाल तरच सूट. पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती सक्तीची आहे हे स्पष्ट केलंय. आणि कमर्शियल सूटमध्ये तुमच्याकडची कागदपत्रं प्लेंटबरोबरच लावायची असतात, मागाहून लावायला परवानगी आणि कारण दोन्ही लागतं, त्यामुळे एक्स्पर्टला दावा टाकायच्या आधी गाठा.

खर्चाचं बोलायचं तर क्लायंटला सांगून ठेवा, फर्मचं विसर्जन आणि हिशोबाचा दावा असेल तर प्राथमिक हुकूमनाम्यानंतर हिशोब तपासायला कोर्ट कमिशनर नेमू शकतं, ऑर्डर २६ रूल ११. सगळी बिलं सुरुवातीलाच खाजगी एक्स्पर्टकडून तपासून घेऊन खिसा रिकामा करू नका, नमुन्यादाखल एखादं वर्ष नीट करा. फक्त ते वर्ष कसं निवडलं हे रिपोर्टमध्ये लिहायला सांगा, नाहीतर सोयीचं वर्ष उचललं असं म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

बुटीबोरी_एचआर_निवृत्त

मी वकील नाही. बुटीबोरीला फॅक्टरीत पर्सोनेलमध्ये जन्म गेला, नंतर डोमेस्टिक इन्क्वायऱ्या (कामगारांच्या खातेनिहाय चौकशा) केल्या, काही ठिकाणी पॉशच्या (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींच्या) अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य म्हणूनही बसलो. कोर्टात एक्स्पर्ट म्हणून साक्ष देऊन झालीय म्हणून लिहून राहिलो.

चालतो का म्हणाल तर चालतो. पूर्वी कलमात सायन्स आणि आर्ट होतं, तर समोरचे वकील उठून म्हणायचे की एचआर हे कुठलं सायन्स. आता नवीन कायद्यात 'किंवा इतर कोणतंही क्षेत्र' असं आलंय त्यामुळे तो आवाज जरा कमी झाला. पण माझ्यासारखा माणूस काय सांगू शकतो ते समजून घ्या. एवढ्या साइजच्या युनिटमध्ये साधारण तीन कोटेशन घेतात, ऑर्डर देणारा आणि बिल पास करणारा वेगळा असतो, नातेवाइकाची फर्म असेल तर दुसऱ्या पार्टनरची लेखी संमती घेतात, हे मी सांगू शकतो. तुमच्या फर्मने हे केलं नाही हेही कागद बघून सांगू शकतो. पण आधी एक विचारा स्वतःला, तुमचा क्लायंट शॉप फ्लोअरवर असताना दुसऱ्या बाबतीत तरी हे नियम पाळत होता का? छोट्या फर्ममध्ये कोणीच पाळत नाही ताई. भंगार विकताना त्याने तीन कोटेशन घेतले का? नसतील घेतले तर मला उभं करून फायदा नाही, समोरचा वकील माझ्याच तोंडून वदवून घेईल की दोघेही सारखेच.

म्हणून आपल्या बाजूचे वाईट कागद एक्स्पर्टला आधी दाखवा. मला एकदा अर्धीच फाइल दिली होती, इन्क्वायरीत त्या कामगाराने दिलेलं लेखी उत्तर काढून ठेवलेलं, अन ते मी उलटतपासणीत पहिल्यांदा पाहिलं. कोर्टात वाचलं अन जे खरं ते बोललो, की हे आधी दिसलं असतं तर माझं मत वेगळं असतं. ज्यांनी बोलावलं होतं त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

अकाउंट्सवाल्या बाईंबद्दल. त्यांना एक्स्पर्ट करू नका, तज्ज्ञ म्हणून सजवू नका, त्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणार यातच त्यांची ताकद आहे. राजीनाम्याचा मजकूर कोणी सांगितला, कुठे बसून लिहिला, पगार कोणत्या तारखेपर्यंतचा दिला, पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी कोण आलं, असं बारीक विचारा. पार्टनरशिप फर्मला व्हिजिल मेकॅनिझम (गैरप्रकाराची तक्रार नोंदवायची व्यवस्था) वगैरे कंपन्यांसारखी सक्ती नाही, त्यामुळे तक्रार कुठे लिहून ठेवली असेल तर त्यांच्या स्वतःच्या डायरीत नाहीतर मेसेजमध्येच. अन त्यांना आता नोकरी कुठे आहे तेही विचारा, काहून की नागपूर लहान आहे, समोरचा माणूस त्यांच्या नव्या मालकाच्या ओळखीचा निघाला तर साक्षीला येतीलच याची गॅरंटी नाही.

ज्युनियर_सिव्हिल_लाइन्स

सर्वांचे मनापासून आभार. डीड परत वाचलं, आर्बिट्रेशनचं कलम नाहीये. समोरचा रिपोर्टही परत काढला आणि सीए सर तुम्ही पैज जिंकलात, वार्षिक सरासरीच लावलीय, तीही सगळ्या साइज एकत्र करून. भंगाराचं क्लायंटला विचारलं तर ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले ते वेगळं. त्यामुळे एचआर एक्स्पर्टचा विचार सध्या बाजूला ठेवतेय.

दोन गोष्टी राहिल्या. उलटतपासणीचं कोणी सांगेल का? आणि ते व्हॉट्सॲप मेसेज ताईंच्या फोनमध्ये आहेत, माझ्याकडे फक्त स्क्रीनशॉट, आणि त्या म्हणतात फोन जुना झालाय, दिवाळीत एक्स्चेंजमध्ये देणार आहेत.

अनुभवी_काळाकोट

उलटतपासणीत त्यांच्या सीएशी अकाउंटिंगवर वाद घालायला जाऊ नका, तो रोज तेच करतो, तुम्ही हराल. त्याला काय दाखवलं नव्हतं तिथे धरा. बायकोच्या फर्मची बिलबुकं पाहिली का, बँक स्टेटमेंट पाहिलं का, गेट रजिस्टर पाहिलं का, मालक कोण ते विचारलं का, दुसऱ्या पार्टनरशी बोललात का. लहान लहान प्रश्न, उत्तर फक्त नाही येईल असे, आणि प्रत्येक 'नाही' रेकॉर्डवर. मग रिपोर्टमधलं 'गैरव्यवहार आढळला नाही' हे वाक्य दाखवून विचारा की हे तुम्हाला दिलेल्या कागदांपुरतंच ना? तो हो म्हणेल, म्हणावंच लागतं. तिथे थांबा. 'का नाही पाहिलं' असं विचारू नका, का विचारलं की त्याला भाषण करायची संधी मिळते आणि मग त्याला कोणी आवरू शकत नाही. अंतरिम अर्जापुरता त्यांचा रिपोर्ट कोर्ट बघेल, पण पुराव्यात तो सीए पिंजऱ्यात आलाच नाही तर नुसत्या कागदाला फारसं वजन नाही.

तुमच्या एक्स्पर्टलाही हेच होणार, म्हणून त्याला व्हॉट्सॲपवर 'सर जरा आपल्या बाजूने लिहा' असं चुकूनही पाठवू नका. त्याच्याशी झालेला प्रत्येक मेसेज उद्या कोर्टात वाचला जाईल असं धरूनच लिहा. त्याला द्यायचे प्रश्न आणि कागदांची यादी एका पत्रात घालून पाठवा आणि तेच पत्र रिपोर्टला जोडा, लपवण्यासारखं काही उरतच नाही. फी ठरवताना रिपोर्टचे वेगळे आणि कोर्टात येण्याचे तारखेप्रमाणे वेगळे असं ठरवा, तारखा पडतात, नंतर कुरबुर नको.

धंतोलीकर_सीए

फोनचं मी सांगतो, हे काम आमच्याकडे सारखं येतं. एक्स्चेंज अजिबात नाही! ताईंना गरज पडली तर नवा फोन घेऊ द्या पण हा तसाच ठेवा, रिसेट नाही, चॅट डिलीट नाही, सिम तेच. नवीन साक्ष्य कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या ६५-ब च्या जागी कलम ६३ आहे आणि सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, भाग अ ज्याच्या ताब्यात फोन आहे त्याने म्हणजे ताईंनीच भरायचा, तुम्ही किंवा क्लायंटने नाही, आणि भाग ब एक्स्पर्टने. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा आकडा) लिहावी लागते, म्हणून चॅट एक्स्पोर्ट करतानाच एखादा सायबरवाला बसवा, नंतर स्क्रीनशॉटवरून मागे जाता येत नाही. तुमचा दावा आता दाखल होणार म्हणजे नवीनच कायदा लागू, १ जुलै २०२४ च्या आधी जे चालू होते त्यांना जुना.

अनुभवी_काळाकोट

यात एक भर. जालन्याच्या निवडणुकीच्या मॅटरमध्ये, अर्जुन पंडितराव खोतकर, २०२०, सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेट सक्तीचं ठरवलं पण हेही म्हटलं की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर सर्टिफिकेट लागत नाही. तो निकाल जुन्या ६५-ब वरचा आहे, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका, दोन्ही तयारी ठेवा, सर्टिफिकेटही आणि ताई फोन घेऊन येतील हेही. चार्जरसकट. गेल्या वर्षी एका साक्षीदाराचा फोन ऐन कोर्टात बंद पडला आणि त्या मॉडेलचा चार्जर अख्ख्या बार रूममध्ये कोणाकडे नव्हता, पुढची तारीख घ्यावी लागली.